दोन तासांच्या लग्नातली धवलारीण

ठाकुर्लीजवळच्या त्या जुन्या गावठाणात कमळाबाईशिवाय लग्न लागलंय, असं चाळीस वर्षांत झालेलं नव्हतं. ती धवलारीण. भटजी येतो तो अगदी शेवटी, मंगलाष्टका म्हणायला. त्याआधी हळद दळण्यापासून मांडव घालण्यापर्यंत प्रत्येक कामाचं गाणं, म्हणजे धवला, गाते ती ही बाई. एकही ओळ कुठे लिहिलेली नाही. सासूच्या मांडीला मांडी लावून शिकली, आणि असली शिकली की गावातल्या एकेका घराच्या सहा-सहा पिढ्या तिच्या तोंडात. स्वतः सहीच्या जागी अंगठा उठवायची, पण कोणाच्या पणज्याचं नाव अडलं की लोक तलाठ्याच्या आधी हिच्या ओट्यावर यायचे.

सगळ्यात मोठा धवला आवतनाचा. त्यात आधी देवांना बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतलं की घरधन्याने तांदळावर एक सुपारी मांडायची; झालं, तो माणूस मांडवात आला. सगळ्यात जुना आधी, सगळ्यात अलीकडे गेलेला शेवटी. आणि माणूस गेल्यावर घरात जे पहिलं लग्न होईल त्यात त्याला हाक मारली नाही, तर तो घरात धरलाच जात नाही, दाराबाहेर ताटकळत राहतो, असं ही मंडळी मानतात. तुम्ही आम्ही मानू नये हवं तर. कमळाबाई मानायची. आणि तिचा नवरा हिराजी कोरोनात, दोन हजार वीसच्या जुलैत, गेला होता.

गेला म्हणजे कसा गेला! पायाने चालत ॲम्ब्युलन्समध्ये चढला. "बोंबील उन्हात टाक, दोन दिसांत येतो," म्हणाला. पाचव्या दिवशी फोन आला. घराला चौदा दिवस पत्रे ठोकलेले. बायकोला तोंड दिसलं नाही, पोराला अग्नी देता आला नाही. मुलगा रवींद्र, त्याच्या मोबाईलवर बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा एक फोटो आला. त्यात नंबर होता, नाव नव्हतं. दहावं नाही, बारावं नाही. कमळाबाई रडलीसुद्धा नाही त्या दिवसांत. तिचं एकच पालुपद, "नयनचे लग्नात आनीन मी त्याला घरात. मी हाक मारीन, बघा तुमी."

नयन हा रवींद्रचा एकुलता एक. त्याच्यानंतर त्या घरात लग्नाचं असं कोणी उरतच नव्हतं. लग्न ठरलं एकवीसच्या एप्रिलच्या शेवटचं. मुलगी डोंबिवलीची, करिश्मा नाव. पत्रिका छापून झाल्या आणि आठवड्यावर लग्न आलेलं असताना नवा हुकूम आला: एकच हॉल, एकच कार्यक्रम, पंचवीस माणसं, दोन तास. त्याच्यावर गेलात तर पन्नास हजार दंड.

आता नियम चुकीचा होता असं कोणाच्या बापाला म्हणता येणार नाही. त्या महिन्यात गावठाणात दिवसाआड कोणीतरी जात होतं. पण नियम लिहिणाऱ्याला काय ठाऊक की कुठल्या घरात कोण दाराबाहेर उभं आहे? आवतनाचा धवला पुरा गायचा तर पावणेतीन तास लागतात.

रवींद्रने कागदावर वेळापत्रक केलं. एंट्री वीस मिनिटं, हळद दहा, भटजी अर्धा तास, फोटो अर्धा तास, जेवणाची पाकिटं वाटायला पंधरा. उरली पंधरा मिनिटं. "आये, ती तुझी," तो म्हणाला. हे त्याने मान खाली घालून सांगितलं, एवढं खरं.

कमळाबाईने नयनचा मोबाईल मागितला, त्यात घड्याळ लावायला सांगितलं आणि दार लोटून बसली. पहिल्या दिवशी न थांबता, भरभर म्हटलं तरी एक तास दहा मिनिटं झाली. मग तिने कापाकापी सुरू केली. नद्या गेल्या, डोंगर गेले, वेशीवरचे देव गेले. गावदेवीला पूर्वी अकरा ओळी होत्या, तिला एक ठेवली आणि कान पकडले. एकेक देव काढताना बाई जशी रडायची तशी नवऱ्यासाठीही रडली नव्हती. आठ दिवसांत धवला चौदा मिनिटांवर आला. हिराजीचं नाव तेराव्या मिनिटाला.

नयन चांगला पोरगा. तो म्हणाला, "आजी, एवढं टेन्शन कशाला घेते? डायरेक्ट आजोबांचंच नाव घे ना पहिलं. मग टाईम उरला तर बाकीचे."

"आनि तो येकटाच येल? आयबापाबिगर? भिकाऱ्यासारा?" कमळाबाई कडाडली. "रांगेनी येल तो. मानानी येल."

इथेच चुकली बाई. पण ज्या बाईने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बापजाद्यांना रांगेने आणलं, तिने स्वतःच्या नवऱ्याला मधूनच घुसवावं, हे तिच्याच्याने होणार कसं?

लग्नाच्या दिवशी हॉलवर पंचवीस खुर्च्या, एकेकीत चार फूट अंतर. दारात एक जण यादी घेऊन उभा. कमळाबाई मास्क लावून, नवी नऊवारी नेसून तांदळाच्या पाटाशी बसली. आणि काय झालं? फोटोग्राफरने एंट्री तीनदा घेतली. एकदा धूर कमी पडला, एकदा करिश्माची ओढणी अडकली, एकदा म्हणे नयन हसला नाही. वीस मिनिटांची चाळीस झाली. त्या मेल्याला कोणी एक शब्द बोललं नाही. वेळ कमी पडला तेव्हा सगळ्यांची नजर वळली म्हातारीकडे.

"आये, उरक," रवींद्र कानाशी म्हणाला.

तिने सुरू केलं. मास्कमधून आवाज कोंडत होता, तरी हॉल गप्प झाला. देव आले. खापरपणजा आला, पणजा आला. रवींद्र एकेक सुपारी मांडत होता. हिराजीची आजी आली, आजा आला, बाप आला, आई आली. आता एकच नाव उरलं होतं. कमळाबाईने श्वास घेतला, आणि बाहेर सायरन वाजला.

"पोलीस!" कोणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या, पाकिटं वाटणारे मागच्या दाराने पळाले. रवींद्र ताडकन उठला आणि भटजींना म्हणाला, "गुरुजी, घ्या, घ्या! अंतरपाट धरा!"

"रवी, येक नाव ऱ्हायलंय."

"आये, पन्नास हजार मागतील!"

"तुझे बापाचं नाव ऱ्हायलंय रे!"

भटजींनी मंगलाष्टका सुरू केलीसुद्धा. एकदा ती सुरू झाली की आवतन संपलं. मग कोणाला हाक मारता येत नाही. रवींद्रच्या मुठीत शेवटची सुपारी तशीच राहिली आणि पंचवीस माणसांनी अक्षता टाकल्या.

सायरन पोलिसांचा नव्हताच. ॲम्ब्युलन्स होती, कल्याणच्या दिशेने निघून गेली. त्या दिवसांत दर तासाला एखादी जायची. पुढे पाऊण तास हॉलमध्ये कोणी फिरकलं नाही, आणि त्या पाऊण तासात फोटोग्राफरने नवरा-नवरीला जिन्यावर, खिडकीत, झाडाखाली उभं करून मनसोक्त फोटो काढले. कमळाबाई पाटाशी बसून होती. रवींद्र जवळ आला, "आये, चुकलं माझं," म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दहा दिवसांनी काळुरामशेठचं बोलावणं आलं. काळुराम म्हणजे पंचक्रोशीतलं बडं प्रस्थ. बापाच्या रेतीच्या होड्या होत्या, आता ह्याचे टॉवर. त्याच्या मुलाचं, धनेशचं, लग्न होतं, शहाडला, नदीकडच्या बंगल्यावर. धवलारणीने लग्नघराला नाही म्हणायचं नसतं. ती गेली.

बाहेरून पत्रे लावून आवार झाकलं होतं. आत चारशे माणूस! एकाच्या तोंडावर मास्क असेल तर शपथ. फाटकावर पोलिसांची गाडी उभी, हो, खरीखुरी पोलिसांची. आगंतुकांनी आत घुसू नये म्हणून. हवालदार खुर्ची टाकून कोकम सरबत पीत बसला होता. दोन तासांचा नियम तिथे कोणाला आठवतही नव्हता. अंगाची लाही होणं म्हणजे काय, ते कमळाबाईला त्या फाटकात कळलं.

"बाय, पुरं गा हां," काळुराम म्हणाला. "काय सोडू नको. आमचेकडं घाई नाय."

सकाळी दहाला बसली. नद्या आल्या, डोंगर आले, वेशीवरचे देव आले, गावदेवीच्या अकराच्या अकरा ओळी आल्या. काळुरामच्या सहा पिढ्या सावकाश, मानाने, एकामागून एक येऊन तांदळावर बसल्या. कापलेलं सगळं ती तिथे गात होती. एक वाजत आला. काळुरामच्या बापाचं, शेवटचं नाव झालं. सुपारी मांडली गेली. काळुराम उठायला लागला.

आणि कमळाबाई थांबली नाही. तिने हाक मारली, "ये रं हिराजी, मांडवात ये."

आयुष्यात तिने असला अधर्म केला नव्हता. दुसऱ्याच्या मांडवात आपला माणूस! पण घरात आता लग्न नव्हतं, आणि बाई त्याला आणखी किती दिवस उन्हात उभं ठेवणार?

काळुरामचा हात हवेतच राहिला. "यो कोन हिराजी?"

त्याचा म्हातारा चुलता मागून म्हणाला, "आरं, रेतीवरचा. आपले होडीवं व्हता वीस वरसं. हिचाच घो."

मांडवात खसखस पिकली. "म्हातारी चुकली," बायका म्हणाल्या. काळुराम मात्र रागावला नाही. मोठ्या मनाचा माणूस! हसला, खिशातून एक सुपारी काढली आणि म्हणाला, "आला तं येव दे. कामाचा मानूस व्हता." आणि ती त्याने तांदळावर नाही, पाटाच्या खाली, भुईवर ठेवली.

कमळाबाई पदर खोचून उठली. मानाची साडी आणि नारळ तिच्या हातात दिले गेले, तिने ते घेतले.

संध्याकाळी रवींद्र तिला न्यायला आला. फाटकाबाहेर बाईक चालू ठेवून त्याने विचारलं, "झालं नीट?"

"झालं," कमळाबाई मागे बसत म्हणाली. "तुझे बापाची पन सोय लागली. काळुरामचे मांडवात. खाली, भुईवं."