फाटकापासून सतराव्या पाटीपर्यंत

मी लिहावं का, हा प्रश्न आधी. आमच्या घरात शाळेपलीकडे गेलेला मी पहिलाच, आणि शाळाही हिंदी. मराठी मी स्वयंपाकघरात शिकलो, आईशी बोलत. छापलेल्या मराठीपुढे मला अजून चप्पल काढून उभं राहावंसं वाटतं. तेव्हा एवढं धाडस करतोय त्याबद्दल माफी असू द्या. जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, पप्पांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल.

आम्ही ग्वाल्हेरला बिर्ला नगरात राहतो. आमचे कुणी पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर भाल्यासकट आले होते म्हणे; माझ्या माहितीतले, आजोबांपर्यंतचे सगळे मात्र कापडाच्या मिलमध्येच होते. मिल माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी बंद पडली. तिच्या फाटकासमोरचा बाजार कसाबसा टिकून आहे — तीन दुकानं उघडी की दोन बंद, शटरवर गंज, मध्ये एखादं मोबाइलचं नवं दुकान. पप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान त्यातच. पंखे, कूलर, पाण्याच्या मोटारी — जळाल्या की नवी तांब्याची तार भरून द्यायची.

म्हाताऱ्या माणसांना या बाजाराबद्दल विचारा, चेहरे उजळतात. शिफ्ट सुटली की भोंगा व्हायचा आणि फाटकातून सायकलींचा लोंढा यायचा. जिलबीच्या कढईसमोर रांग. नवी चप्पल, रेडिओचे सेल, चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तकं. मला हे सगळं लहानपणापासून ऐकायला आवडायचं. ज्या गर्दीत आपण कधी नव्हतो तिची आठवण येते का हो कुणाला? मला यायची.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी काम दिलं : आपल्या भागातल्या एका वयस्कर माणसाशी बोला आणि जुन्या दिवसांबद्दल त्यांच्या शब्दांत लिहून आणा. वर्गात माझ्याइतकं खूश कुणीच नसेल. माझा माणूस ठरलेला होता — पेंटर काका.

पेंटर काका आमच्यापासून दोन घरं सोडून, एकटेच राहायचे. बाजारातली एकूण एक पाटी त्यांनी रंगवलेली. फ्लेक्स आले आणि ब्रश खाली ठेवावा लागला, पण पाट्या त्यांच्या डोक्यात तशाच टांगलेल्या होत्या. मी वही घेऊन गेलो तर ते म्हणाले, "ये बेटा. पण बीचमधून नाही सांगणार हं. फाटकापासून सुरू करू, नाल्यापर्यंत जाऊ. एकेक पाटी. नाहीतर घोळ होतो."

आणि खरंच फाटकापासून सुरू झालं. पहिली पाटी पानवाल्याची, हिरव्यावर पिवळी. दुसरी सायकलवाल्याची. कापडवाल्याला पाटीवर विमान हवं होतं — का, ते त्यालाही सांगता येईना. हलवाई म्हणायचा, अक्षरांवरून तूप ओघळतंय असं वाटलं पाहिजे. शेजारशेजारच्या दोन न्हाव्यांनी एकमेकांपेक्षा बोटभर मोठी अक्षरं करून घेत घेत पाट्या इतक्या वाढवल्या की शेवटी एकाच्या पाटीने दुसऱ्याची खिडकी झाकली. काका हे सांगताना हवेत बोटाने अक्षर काढायचे, वळणावर जीभ दाताखाली धरायचे. "सायकलवरच्या माणसाला एका पॅडलमध्ये वाचता आली पाहिजे पाटी," असं त्यांचं म्हणणं. "दुसरं पॅडल मारलं की तो पुढच्या दुकानात!"

आता हे मी तुम्हाला इतकं आवडून सांगतोय. पण तेव्हा? दोन दुपारी मी बसलो आणि सतरा पाट्या झाल्या. नाल्यापर्यंत अजून चाळीसएक होत्या. माझ्या वहीत रंगांची नावं, अक्षरांची मापं आणि कुणाच्या पाटीवर किती वेळा वॉर्निश मारलं ते. मला वाटलं, यात गोष्ट कुठे आहे? वर्गात हे वाचलं तर मागच्या बाकावरची मुलं झोपतील.

तिसऱ्या दुपारी काका वाट बघत बसले होते. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी आमच्या गच्चीवरून बघितलं — दोन खुर्च्या बाहेर मांडलेल्या, दुसरीवर कुणी बसू नये म्हणून त्यांनी स्वतःचा गमछा ठेवलेला. मी खाली उतरलो नाही.

वर बसलो आणि लिहिलं. म्हणजे — कसं सांगू? — रचलं.

आमच्याकडे विश्वकर्मा पूजेला कारागीर आपल्या हत्यारांना हात लावत नाही. पप्पा त्या दिवशी पक्कड, सोल्डरिंग आयर्न, वाइंडिंगचं मशीन, सगळ्यांना कुंकू-फुलं वाहतात आणि मग दिवसभर दुकानात हात मांडीवर ठेवून बसतात, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. त्यांचं ते बसणं आठवून मला सुचलं. मी लिहिलं की मिल चालू होती तेव्हा विश्वकर्मा पूजेच्या संध्याकाळी अख्ख्या बाजारात दुकानांची अदलाबदल व्हायची. आपल्या हत्याराला हात लावायचा नाही ना? मग शेजाऱ्याच्या लावा! तासभर हलवाई दाढ्या करायचा, न्हावी जिलब्या तळायचा, शिंपी भाजी तोलायचा, आणि मिलमधले लोक बायकापोरांसह ही फजिती बघायला यायचे. वर नाव घातलं : पेंटर काकांच्या शब्दांत.

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. काकांनी असलं काही म्हटलेलं नव्हतं. लिहायला मला एक तासही लागला नाही, आणि लिहिताना मी एकटाच हसत होतो. खोटं लिहिताना मला जितका आनंद झाला तितका खरं ऐकताना झाला नव्हता — हेसुद्धा सांगून टाकतो.

मॅडमना ते फार आवडलं. कॉलेजच्या कार्यक्रमात वाचायला लावलं. पप्पा आले होते, पहिल्यांदाच कॉलेजच्या आत, इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी शेवटच्या रांगेत. लोक हसले, टाळ्या वाजल्या. परतताना पप्पा स्कूटर चालवत मागे न बघता म्हणाले, "हे आम्हाला कसं माहीत नाही रे?" मी म्हणालो, तुम्ही तेव्हा लहान होता. बस्स. इतकं सोपं होतं.

पप्पांनी दुसऱ्याच दिवशी बाजारात सांगितलं. तिथून व्यापाऱ्यांच्या मंडळात गेलं. आणि मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती — लोकांना आठवायला लागलं! बशीरभाई टेलर म्हणाले, त्यांच्या अब्बांनी एकदा चण्याच्या गाडीवर बसून सगळे चणे जाळले होते. बांगड्यांच्या दुकानातल्या शकुंतला मौसी म्हणाल्या, "अरे होता था, खूब होता था, मैं तो गोद में थी." रमेश हलवाईने तर त्याच्या आजोबांनी न्हाव्याच्या ज्या खुर्चीपाशी उभं राहून दाढ्या केल्या ती खुर्ची कुठे होती तेही दाखवलं. मी तिथेच उभा. हो-हो करत मान हलवत होतो.

ठरलं, या विश्वकर्मा पूजेला पुन्हा सुरू करायचं.

ती संध्याकाळ तुम्ही बघायला हवी होती. बंद दुकानांची शटरंसुद्धा धुतली होती. रमेश हलवाई वस्तरा असा धरायचा की गिऱ्हाइकंच पळायची. शेवटी त्याचा सख्खा मेहुणा बसला आणि अर्धी मिशी गमावून उठला. न्हाव्याच्या जिलब्या कढईत एकमेकींना चिकटून त्यांची एकच भलीमोठी जिलबी झाली, ती चौघांनी धरून मिरवली. शकुंतला मौसी सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत राहिल्या, भरत राहिल्या — फाट! — आणि अख्खा बाजार टाळ्या वाजवत उभा. बशीरभाई भाजी तोलताना दर वेळी आधी गळ्यातल्या टेपने भोपळा मोजत होते.

पप्पांच्या वाट्याला बांगड्या आल्या. तांब्याच्या तारांनी चिरलेले त्यांचे हात, त्यात काचेच्या बांगड्या. घाबरून ते कुणाला हातच लावेनात. मग आई रांगेतून पुढे आली आणि हात समोर केला. बायका ओरडल्या, "आता भरा की भाऊसाहेब!" पप्पांनी एकेक करून सहा हिरव्या बांगड्या भरल्या, एकही फुटू न देता, कपाळावर घाम. आई खाली बघून हसत होती. त्या दोघांना चार लोकांत हात धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गर्दी तर इतकी की थाटीपूर, मुरारसारख्या लांबच्या वस्त्यांतून माणसं आली होती. मला ज्या बाजाराची आठवण यायची तो माझ्यासमोर उभा होता.

मी सुखात होतो. खरंच होतो. आणि तेव्हाच मंडळाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि पेंटर काकांना वर बोलावलं.

"पेंटर साहब, ये सब आपकी देन है। बताइए, ऐसा ही होता था न?"

काका माइकपाशी उभे राहिले. त्यांनी गर्दीत मला शोधलं. मी पप्पांच्या शेजारी होतो. पप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पप्पांकडे. मला एक पाऊल पुढे टाकायचं होतं. एकच. मी खाली बघितलं, बुटांकडे.

"होता था," काका म्हणाले. "इससे भी ज़्यादा होता था."

टाळ्या कडाडल्या. ज्यांनी आयुष्यात पाटीवर एक काना चुकीचा काढला नव्हता, ते माझ्यासाठी हजार लोकांसमोर खोटं बोलले.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, एवढंच ना? सगळ्यांना आनंदच झाला. मीही स्वतःला खूप दिवस असंच सांगत होतो. पण मला जे कबूल करायचंय ते याच्या पुढचं आहे.

चार दिवसांनी काका रस्त्यात भेटले. मला वाटलं, रागावतील. ते हसले. "कल्पना चांगली होती रे तुझी. आम्हाला का नाही सुचली कोण जाणे." मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, "पण बाकीच्या पाट्या कधी? अठरावी छत्रीवाल्याची. मजेदार आहे. जल्दी ये, मी हल्ली विसरून राहिलोय."

त्यांनी माफ केलं होतं, समजलं ना तुम्हाला? त्यांना फक्त बाकीचं सांगायचं होतं. दोन खुर्च्या आणि एक वही, इतकंच लागणार होतं.

मी म्हणालो, परीक्षा झाली की येतो. परीक्षा झाली. मग म्हणालो, दसऱ्यानंतर. त्यांच्या घरावरून जायला लागू नये म्हणून मागच्या गल्लीने जाऊ लागलो. का? ज्या एकाच माणसाला माझं खोटं माहीत होतं त्याच्यासमोर बसवत नव्हतं, म्हणून. दिवाळीत त्यांची मुलगी सुनंदाताई आली. त्यांचं विसरणं वाढलंय, एकटं ठेवता येणार नाही, असं म्हणाली आणि देवासला घेऊन गेली. रिक्षात बसताना त्यांनी आईकडे माझी चौकशी केली. मी आत होतो. पंखा चालू होता, ऐकू आलं नाही असं आईला नंतर सांगितलं. ऐकू आलं होतं.

सुनंदाताईचा नंबर आईने माझ्याच फोनमध्ये घातला होता. दोन वर्षं तो तिथे होता. मी एकदाही लावला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या बाजारात तिसरी अदलाबदल झाली. पहिल्यापेक्षाही मोठी. तीन बंद दुकानं पुन्हा उघडली आहेत, त्यातलं एक मिठाईचं. पप्पा आता दर वर्षी बांगड्यांवरच बसतात, दुसरं काही दिलं तर रुसतात. त्या संध्याकाळी मी नाल्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि एकेका शटरसमोर उभा राहिलो. इथे काय होतं, विचारलं तर कुणाला खात्रीने सांगता येईना. छत्रीवाला कुठे बसायचा, तेही नाही.

गेल्या रविवारी मी नवी वही घेतली. देवासच्या गाडीची वेळ बघितली. मग सुनंदाताईला फोन लावला.

तिने लगेच ओळखलं. फार खूश झाली. म्हणाली, "अरे, बाबा एकदम मजेत आहेत! विसरतात मात्र फार. पाट्यांचं तर काहीच राहिलं नाही बघ, ब्रश हातात दिला तर विचारतात, हे काय आहे. पण तुमच्या बाजारातली ती अदलाबदली रोज सांगतात, रोज! कॉलनीतली सगळी पोरं जमतात ऐकायला. म्हणतात, एका वर्षी मी हलवाईच्या कढईवर बसलो होतो आणि बाजारातल्या सगळ्या दुकानांची नावं जिलबीत लिहून काढली होती, फाटकापासून नाल्यापर्यंत. पोरं विचारतात, कुठली कुठली नावं, आजोबा? तर खो-खो हसतात. म्हणतात, आता कुठून सांगू — गरम होती, लोकांनी तिथल्या तिथे खाऊन टाकली."