डोक्याखालचे हात

मला त्याचा पहिला राग आला तो त्याच्या उशीवरून. उशी कसली, चादरीची घडीच ती. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. कुंभकोणमच्या आमच्या इस्पितळात मी डॉक्टरीण, तोवर भूल मीच देत असे. तोंडावर जाळी ठेवून थेंब थेंब ईथर टाकायचं. पेशंटच्या उशाशी असलेलं स्टूल माझं होतं. मग हा तरुण डॉक्टर मद्रासहून नवी विद्या शिकून आला. श्वासनळीत रबरी नळी घालायची, आणि त्यासाठी डोकं मागं लोंबतं सोडायचं नाही. घडीवर उचलून घ्यायचं आणि मग हनुवटी वर करायची. "समोर कुणी फूल धरलंय आणि आपण ते हुंगतोय, तसं," असं तो नर्सबायांना सांगे, आणि त्या माना डोलवत. मी काही सांगितलं तर त्याच बाया खिडकीबाहेर बघत. माझा नुसता जळफळाट होई.

त्यात माझ्या आईच्या गळ्याची गाठ काढायचं ठरलं. गाठ श्वासनळीवर दाबत होती, नळीशिवाय धडगत नव्हती. मी म्हटलं, एव्हाना मलाही नळी घालता येते, भूल मीच देईन. आई आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "अगे, तूं नक्को. तो मद्रासचा असो दे. त्याचा हात हळू अहे म्हणतात." पोटच्या पोरीला हे उत्तर!

टेबलावर ती अंबाडा घालूनच आली, वर जाईचा गजरा. आमच्यात सवाष्ण केस मोकळे सोडत नाही, ते सुतकाचं लक्षण. ऑपरेशनच्या दिवशी तर मुळीच नाही. नर्सनं विनवलं, आई ढिम्म. त्यानं घडी डोक्याखाली सारली तर अंबाड्यामुळे हनुवटी छातीला टेकली. घडी काढली तर डोकं एका अंगाला कलंडलं. तो घामाघूम झाला आणि मला मनातून बरं वाटलं. मग आईचा श्वास घरघरू लागला, तेव्हा ते बरं वाटणं पळालं.

दिव्याचा उजेड खुपू नये म्हणून तिच्या डोळ्यांवर पट्टी होती. मी दोन्ही तळहात डोक्याखाली घातले, अंबाडा मनगटांच्या मधे सोडला, डोकं अलगद उचललं आणि चेहरा वर केला. "असंच धरा," तो म्हणाला. त्यानं शिरेत औषध दिलं, आई झोपली, आणि नळी पहिल्या खेपेला आत गेली. सर्जननी त्याची पाठ थोपटली. मी अजून डोकंच धरून होते.

ऑपरेशननंतर आवाज फुटल्यावर आई मला म्हणाली, "डोईखाली हात घातला त्याणे, किती हळू! मज भय राहिलं नाही. तुज तसं येणार नाही."

"आई, ते हात माझे होते!" मी जवळजवळ ओरडलेच.

ती हसली, टाके दुखले म्हणून थांबली. "जळूं नक्को, अगे."

संध्याकाळी तो तिला बघायला आला. आईनं त्याचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि लावू दिले.