वहिनीचा अंगठा

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर भागाकार शिकवत होतो. "काका, आय गेली," एवढंच तो बोलला आणि मग पलीकडून नुसता माणसांचा गलका ऐकू येत राहिला. मी फोन खिशात ठेवला, फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं, बाकी किती उरली तेही लिहिलं आणि मग मुख्याध्यापकांकडे जाऊन रजा मागितली. आज तीन आठवडे झाले, पण ते उदाहरण मी का पुरं केलं हे मला अजून सांगता येत नाही. हातातलं काम अर्धं टाकलं की वहिनी चिडायची, म्हणून असेल कदाचित... जमनी वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर आली तेव्हा मी दुसरीत होतो आणि आमची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, नागलीची भाकरी भरवली, आश्रमशाळेत धाडलं. पुढे मी डी.एड. होऊन जव्हारला नोकरीला लागलो, तेव्हा मला पहिल्यांदा "मास्तर" म्हणाली तीही वहिनीच. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मास्तर झाल्यावर मी आपोआप पाड्याची सही झालो. रेशनकार्डाचा अर्ज असो, जातीचा दाखला असो, नाहीतर वनखात्याचा कागद असो, सुट्टीला घरी गेलो की ओसरीवर रांग लागायची. अंगठा शाईच्या पॅडवर दाबायचा, कागदावर टेकवायचा, शेजारी "निशाणी डाव्या हाताचा अंगठा" असं लिहायचं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही ठोकायची. कागदात काय आहे हे कुणी विचारायचं नाही आणि मीही सांगायचो नाही. चहा निवायच्या आत मी पाड्यातली निम्मी माणसं उरकायचो आणि त्याची मला चांगली घमेंड होती. वहिनी चुलीपाशी बसून हे सगळं बघायची.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती. भाताच्या रोपांची जागा भाजायची असते, त्या राबासाठी टहाळ तोडताना दादा ऐनाच्या झाडावरून खाली आला. डोक्याला मार, बरगड्या मोडलेल्या. जव्हारच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच नाशिकला हलवायला सांगितलं. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात त्याला अतिदक्षता विभागात घेतलं, नळी घालून श्वासाच्या यंत्राला जोडलं. चार दिवस गेले. डोक्याची सूज उतरतेय असं डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही जरा कुठे पाय लांब करून बसलो तोच पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. छातीत कफ दाटला. न्युमोनिया, तोही रुग्णालयात राहून झालेला. इथले जंतू रोजच्या औषधांना सरावलेले असतात, ते यंत्राच्या नळीवाटे छातीत उतरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. मी ते वहिनीला जेवढ्यास तेवढं सांगितलं. ती काचेतून दादाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हितं आनला तवा तो खोकत नव्हता."

त्याच दिवशी दुपारी दुसरे एक डॉक्टर आले. तरुण होते, बोलायला मऊ होते, पण घाईत होते. या न्युमोनियावर एक नवं औषध आलंय, त्याची चाचणी इथे चालू आहे, असं म्हणाले. काही रुग्णांना नवं औषध मिळणार, काहींना नेहमीचं, आणि कुणाला कोणतं हे डॉक्टर ठरवणार नाहीत, संगणक ठरवणार. घ्यायचं असेल तर संध्याकाळी पाचच्या आत सुरू करावं लागेल, नंतर नियमात बसत नाही. त्यांनी दादाच्या आधीच्या आजारांविषयी भराभर प्रश्न विचारले आणि मी भराभर उत्तरं दिली. दमा? नाही. साखर? नाही. कधी एखाद्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या, सूज आली? नाही. प्रत्येक वेळी मी वहिनीकडे न बघताच "नाही" म्हणालो. घरात शिकलेला मीच, तेव्हा घरातलं सगळं मलाच ठाऊक, असं मी धरून चाललो होतो. मग त्यांनी मराठीतला संमतीचा कागद माझ्या हातात दिला. कागद कसला, चांगली बारा-तेरा पानं होती. ते म्हणाले, "नीट वाचा, बाईंना समजावून सांगा," आणि दुसऱ्या खाटेकडे गेले. मी शेवटचं पान काढलं. तिथल्या परिचारिकेकडून शाईचं पॅड मागून घेतलं, वहिनीचा अंगठा धरला आणि दाबला. ती एवढंच म्हणाली, "काय हाय रे?" मी म्हणालो, "औषधाचा कागद आहे." शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही. दोन मिनिटांत काम तमाम.

चाचणीचं काम बघणाऱ्या सिस्टर कागद न्यायला आल्या. वयाने माझ्याच एवढ्या असतील. त्यांनी पानं चाळली, घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्यात वाचून झालं?" मी हो म्हणालो. मग त्यांनी थेट वहिनीला विचारलं, "ताई, यात काय लिहिलंय?" वहिनीने आधी माझ्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे, आणि खरं ते सांगितलं, "मना नाय ठावां." सिस्टरनी माझ्यासमोर त्या पानावर आडवी रेघ मारली आणि रद्द असं लिहिलं. नातेवाइकाला वाचता येत नसेल तर साक्षीदार बाहेरचा लागतो, घरचा चालत नाही, म्हणाल्या. दुसरी कोरी प्रत आणली, समोरच्या खाटेवरच्या रुग्णाच्या भावाला साक्षीला बसवलं आणि मला म्हणाल्या, "आता वाचा. पहिल्या ओळीपासून. तुमच्या बोलीत सांगा." मला इतका राग आला होता की कानशिलं तापली. चार वाजत आले होते. काचेपलीकडे दादाची छाती यंत्राबरोबर वरखाली होत होती, आणि ही बाई मला पुस्तक वाचायला लावत होती!

मी वाचायला लागलो. आधी फणकाऱ्याने वाचत होतो, पण वहिनी मध्येच थांबवून विचारायची, म्हणून मला सावकाश व्हावंच लागलं. कुणाला कोणतं औषध हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, त्या ओळीपाशी तिने विचारलं, "भगत दाने टाकतो तसां?" मला शरमल्यासारखं झालं. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "तसंच ताई, फक्त यात देव नाही," म्हणाल्या. वहिनीने पुढे विचारलं, "भगताचा चुकला तर आपन दुसऱ्याकडं जातो. हितं चुकला तर?" सिस्टरनी चौथं पान उघडून दाखवलं. कधीही बाहेर पडता येतं, तरी उपचार थांबत नाहीत. ती मान हलवत ऐकत होती. घड्याळाचा काटा साडेचारकडे सरकत होता आणि मी आठव्या पानावर होतो. तिथे लिहिलं होतं की पूर्वी पेनिसिलिनने किंवा त्या जातीच्या औषधाने ज्याच्या अंगावर पुरळ आलं असेल, तोंड सुजलं असेल, श्वास अडकला असेल, त्याला यात घेता येणार नाही, त्याच्या जिवावर बेतू शकतं. मी ते आमच्या बोलीत सांगितलं. वहिनी ताडकन उठून उभी राहिली.

"त्याचा सुजल्ला," ती म्हणाली. "तोंड ह्या येवढा झाल्ला. डोला उघडत नव्हता."

ज्या वर्षी आमच्या भागात कुपोषणाने पोरं गेली आणि मग जीपा भरभरून डॉक्टर पाड्यापाड्यावर आले, त्या वर्षीची गोष्ट होती. दादाला ताप होता, त्याला सुई टोचली आणि घटकाभरात त्याचा श्वास कोंडला. त्याच डॉक्टरांनी धावपळ करून त्याला वाचवलं आणि पेनिसिलिन पुन्हा कधी घेऊ नको असं बजावलं. मी तेव्हा डी.एड.च्या वसतिगृहात होतो. मला कुणी कळवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. सिस्टर धावतच डॉक्टरांकडे गेल्या. ते आले, त्यांनी वहिनीकडून सगळं पुन्हा ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चाचणीतली दोन्ही औषधं त्याच कुळातली होती. "तुम्ही आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "इचारला कोनी?" तिने हे रागाने विचारलं नव्हतं, पण मी खाली बघत राहिलो.

दादाला चाचणीत घेतलं नाही. वेगळ्या जातीची औषधं दिली. पुढचे नऊ दिवस तो जगतो की जातो अशा कडेला होता, आणि त्या नऊ दिवसांत मी वहिनीच्या नजरेला नजर दिली नाही. मग ताप उतरला, नळी निघाली आणि दादा घरी आला. पुढे सहा पावसाळे तो जगला, शेतात राबला, नातवाला खांद्यावर घेऊन बाजारात गेला. माझ्या हातून काय झालं होतं, हे वहिनीने त्याला कधी सांगितलं नाही. पाड्यावरही नाही. मी एकदा कबूल करायला गेलो तर म्हणाली, "तू वाचला म्हनून तर कललां." माझ्या वाचण्याला एवढं मोठं श्रेय कुणी दिलेलं नाही, आणि एवढं खोटंही... तिची चौकशी असायची ती वेगळ्याच गोष्टीची. त्या दिवशी समोरच्या खाटेवरच्या माणसाला चाचणीत घेतलं होतं. त्याला कोणतं औषध मिळालं, ते नवं औषध कामाचं निघालं का, हे ती दर दिवाळीला मला विचारायची. एकदा नाशिकला गेलो असताना मी सिस्टरना भेटून विचारलं. चाचणीला हवेत तेवढे सगळे रुग्ण पुरे होईपर्यंत आम्हालाही कळत नाही, म्हणाल्या. नंतर त्यांची बदली झाली आणि ते तिथेच राहिलं.

ओसरीवरची रांग अजून लागते. आता एकेका कागदाला अर्धा तास जातो, माणसं कंटाळतात, शेताचा खोळंबा होतो म्हणून कुरकुरतात. मी वाचतोच.

या वर्षी वहिनीचे पाय सुजले, दम लागायला लागला. जव्हारच्या दवाखान्यात बारा दिवस होती. हृदय थकलंय, पुढे मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल, तिथेही खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिला घरी जायचं होतं. मी दोन दिवस हुज्जत घातली, रडलो, चिडलो, पण तिचं एकच, घरी. शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याचा कागद आला. एका पानाचा, सातआठ ओळींचा. सकाळची उन्हं तिच्या खाटेवर आली होती. मी ओळीखाली बोट धरून वाचत गेलो. रुग्णाचं नाव, गाव, आजार, डॉक्टरांनी दिलेला सल्ला... आणि सर्वांत खाली सहीची जागा.

वहिनी कागदाकडेच बघत होती. "मधी एक ओल ऱ्हायली, मास्तर," ती म्हणाली. "बोट उडी मारून गेला."

मी म्हणालो, तसं काही विशेष नाही त्यात.

"मना ठावां हाय काय हाय तां," ती म्हणाली. "पन तू तोंडाने बोल."

घरी नेल्यास रुग्णाचा मृत्यू होऊ शकतो, हे आम्हाला समजलं आहे... मी वाचलं. मग तिच्या बोलीत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शाई मागितली.