खरं उत्तर द्यायचं नाही

माणूस गेला की त्याच्या पासवर्डचं काय होतं?

हे मी सगळ्यांना विचारलं. धुळ्याच्या कॉलेजातल्या कम्प्युटरच्या सरांना विचारलं. दहाव्याच्या गुरुजींना विचारलं. ज्या कंपनीचं ई-मेल खातं, तिलाही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून विचारलं. सर म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाही." गुरुजी म्हणाले, "हे शास्त्रात नाही." कंपनी तर काहीच म्हणाली नाही!

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ विलास. जळगावला बसस्टँडच्या मागे आमचा सायबर कॅफे आहे. दिवाळीनंतर धुळ्याहून मोटरसायकलवर परत येताना पारोळ्याजवळ त्याला ट्रकने उडवलं. दादाच्या हातचं अक्षर आमच्या घरात कुठेच नाही. जे काही लिहायचा ते टाइप करायचा, आणि ते सगळं त्याच्या मेलबॉक्समध्ये. बरेच दिवस कोणी उघडला नाही तर कंपनी तो पुसून टाकते. म्हणून मी रोज त्याच्या खुर्चीत बसायचो, आणि बसलो की मेलबॉक्स उघडायच्या ऐवजी आमच्या पुढाऱ्यांचे किस्सेच आठवायचे. कीबोर्डमध्ये बिस्किटाचा चुरा साचतो ना, तसे हे किस्से कॅफेत साचलेत. उलटा करून झटकला की कळतं, बापरे, एवढे!

*

सुरुवातीला जळगावात ई-मेल कोणालाच लागत नव्हता. पण एका नगरसेवकाने, आम्ही त्यांना भाऊच म्हणतो, व्हिजिटिंग कार्डावर ई-मेल छापला आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याला तो हवाहवासा झाला. सगळ्यांची खाती दादानेच काढून दिली.

भाऊंचं नवं कार्ड दादाने हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. नाव, पद, फोन, ई-मेल, आणि त्याखाली ठळक अक्षरांत पासवर्ड!

"भाऊ, हे काय केलं? कोणीही तुमचं टपाल वाचेल!"

भाऊ एकदम शांत. "वाचू दे ना. आपण जनतेचा माणूस आहोत!"

*

असोद्याचे नाना केळीचे मोठे बागायतदार, शिवाय गावच्या सोसायटीचे चेअरमन. ई-मेलचा पासवर्ड विसरला की खातं आपल्याला एक गुपित प्रश्न विचारतं. उत्तर बरोबर आलं की आत घेतं. प्रश्न आपला आपण ठरवायचा. नानांनी ठरवला, 'लाडक्या जनावराचं नाव काय?' उत्तर, बादशाह.

बादशाह म्हणजे नानांचा बैल. पोळ्याला त्याच्या पाठीवर रंगाने हे नाव लिहून, वाजंत्री लावून, अख्ख्या असोद्यातून त्याची मिरवणूक निघते. गुपितच ते!

विरोधी पॅनेलच्या पोरांनी आमच्याच कॅफेत बसून नानांचं खातं उघडलं. नानांच्या नावाने सगळ्या पुढाऱ्यांना ई-मेल गेला. 'रविवारी आमच्या मळ्यात भरीत पार्टी. सहकुटुंब यावे.'

रविवारी मळ्यात जीपगाड्यांची रांग. नाना बनियनवर केळीला पाणी देत उभे.

"काय भो, आज इकडे कसे काय?"

"भरीत कुठंय, नाना?"

नाना मानी माणूस. एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. शेजारच्या वावरातली वांगी तोडून आणली, कपाशीच्या काड्या पेटवल्या, पुऱ्या तळायला बायका बसवल्या आणि सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. पुढच्या निवडणुकीत ते सगळे नानांच्या मागे उभे राहिले आणि नाना निवडून आले!

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नाना कॅफेत हजर. दादाला वाटलं, आता बोलणी खायची. नाना त्याच्या कानाशी वाकले. "विलास भो, ते हॅक का काय म्हणतात, ते आणखी एकदा करता येईल का?"

*

भरीत आणि निवडणूक यांच्या मधला एक किस्सा राहिलाच.

भरीत पार्टीनंतर नाना एवढे सावध झाले की त्यांनी केळीच्या बागेतला राखणदार उचलून आमच्या कॅफेत आणून बसवला. काठीसकट! त्यांना वाटायचं की त्यांचं टपाल आमच्या कोपऱ्यातल्या कम्प्युटरमध्येच ठेवलेलं असतं. दादाने समजावून सांगितलं की ते अमेरिकेत कुठेतरी असतं. नाना म्हणाले, "अमेरिकेचं अमेरिका बघेल. जळगावचं मी बघतो."

राखणदार येईल त्याला दरडावायचा, "नानांचं तर उघडत नाही ना?" गिऱ्हाईकं अर्ध्यावर आली. शेवटी एका दुपारी नाना स्वतः आले, खुर्चीत बसले आणि स्वतःचं खातं उघडायला लागले. राखणदाराने काठी आडवी घातली.

"नाही जमणार, नाना. तुम्हीच सांगितलंय, कोणालाच उघडू द्यायचं नाही!"

*

मग दादाने एक नियम केला. गुपित प्रश्नाला खरं उत्तर द्यायचंच नाही. आपल्याकडे कोणाची आई कुठल्या गावची, कोण कोणत्या मास्तरांच्या हातचा मार खाऊन शिकला, हे पानटपरीवरसुद्धा माहीत असतं. म्हणून खोटंच लिहायचं.

भाऊंनी छातीवर हात ठेवला. "खोटं? मला जमेल का रे?"

कॅफेतले सगळे हसले. चहावाला किटली खाली ठेवून हसला.

थोड्याच दिवसांनी भाऊ दादाने बदलून दिलेला पासवर्ड विसरले आणि खात्याबाहेर अडकून बसले. उत्तर आठवेना. दादा म्हणाला, "भाऊ, एकच तर खोटं लिहायचं होतं!"

"अरे बाबा," भाऊ कळवळून म्हणाले, "एवढ्यांतलं नेमकं कोणतं लिहिलं, ते कसं आठवणार?"

*

धुळ्याच्या आबांचं नेमकं उलटं. आबा जुने आमदार. त्यांना खोटं सांगवेना. जन्मगाव लंडन लिहा म्हटलं तर म्हणाले, "एवढं मोठं खोटं मी भाषणातबी बोललो नाही." शेवटी प्रश्न ठरला, 'आवडती भाजी कोणती?' भरीत हे तर धुळ्यातलं पोरगंही सांगेल, म्हणून दादाने लिहायला लावलं, दुधी भोपळा. आबांनी लिहिलं आणि पडेल तोंडाने घरी गेले.

महिन्याभरात आबांच्या बायकोचा, अक्कांचा फोन. "विलास, तुना कम्प्युटरनी मना घरमा भरीत बंद करी टाकं!"

झालं असं, की आबांनी ताटातलं भरीत बाजूला सारलं होतं. म्हणाले, "मी लिखी देयेल शे. आते भरीत कसं खाऊ?"

लिहून दिलेला शब्द! आबा जातील तिथे दुधी मागायला लागले. लग्नात दुधी, सत्काराला दुधी. तालुक्यातालुक्याला निरोप जायला लागले, आबा येताहेत, दुधी आणून ठेवा. शेवटी दादा गाडी काढून धुळ्याला गेला आणि आबांच्या पायाशी बसला.

"आबा, उत्तर बदलू या. आता बठ्ठ्या जिल्ह्याला माहीत झालंय!"

त्या दिवशी अक्कांनी दादाला भरीत वाढलं. आबांनी दोनदा मागून घेतलं. त्याच दिवशी परत येताना पारोळ्याजवळ तो ट्रक आला.

*

दहाव्याला गिरणेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. काका म्हणाले, "आईला आम्ही सांभाळू." नाही. मामा म्हणाले, "कॅफे चालू ठेवू." नाही. भाऊ पुढे झाले. "बसस्टँडच्या चौकाला विलासचं नाव देऊ!" कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

माझं डोकं सटकलं. मी ओरडलो, "दादा, तुझा मेलबॉक्स पुसू देणार नाही! ये आता!"

कावळा आला.

नाना डोळे पुसत होते. तसेच भाऊंकडे वळून म्हणाले, "बघा, कावळ्यालाबी तुमच्या आश्वासनाचा भरवसा नाही!"

*

म्हणून रोज बसायचो. दादाचा गुपित प्रश्न समोर यायचा. त्याने तो स्वतः लिहिलेला. 'घरात सगळ्यात हुशार कोण?'

मी विलास टाकलं. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, हेच सांगेल. चूक. आईचं नाव टाकलं, वडलांचं टाकलं. चूक, चूक. एकदा रागाने कीबोर्ड भिंतीवर मारला. आणि मेलबॉक्स पुसला जायला थोडेच दिवस उरले होते.

आबा धुळ्याहून मला भेटायला आले. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसले.

"विलासना नियम काय व्हता?"

"खरं उत्तर द्यायचं नाही."

"मंग?"

मंग काय! आमच्या घरातलं सगळ्यात मोठं खोटं कोणतं? मी नववी नापास. तीही दोनदा. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मला हसू आलं. मी टाइप केलं, पिंट्या. माझंच नाव. एंटर मारलं. मोडेमचे दिवे लुकलुकत राहिले.

खातं उघडलं.

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी काही वाचलं नाही. डोळे भरून आले, स्क्रीनवर काही दिसतच नव्हतं. गुपित प्रश्न होता तो तसाच राहू दिला. फक्त उत्तर बदललं.

"काय टाकं रे?"

"दादाचं नाव."

"येडा शे का तू? हाई तं बठ्ठा जळगावले माहीत शे! कोनबी उघाडी लेई!"

"उघडू द्या, आबा," म्हटलं, आणि एंटर मारलं.