गप्प झालेली गाडी

इतकी वर्षे लोटली, पण ती घटना आठवली की अजूनही हातातला चहा निवून जातो.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. एकदा चोरीला गेलेली म्हैस बाजारात मी लांबून ओळखली आणि तिनेही मला ओळखून हंबरडा फोडला. हा किस्सा मी कुठेही बसलो की सांगतो, आणि दर वेळी म्हैस जरा मोठी होते. ही गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही. हिच्यात वाढवण्यासारखे काही नाही. नावे मुद्दाम देत नाही.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाण्याची जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. पळणारा चोर मागे वळून आमच्या जीपला हात लावायचा आणि मग पुन्हा पळायचा, असे लोक म्हणत. मी ते कधी नाकारले नाही.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वर्दी आली की पन्हाळ्याच्या बाजूच्या उतारावर एक अँबॅसिडर वडाच्या झाडावर आदळली आहे. आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालवणारा तिशी-पस्तिशीचा माणूस रस्त्याच्या कडेला बसला होता. त्याचा डावा हात खांद्यातून लोंबत होता, पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते. त्याची बायको पुढच्या सीटवरच गेली होती. भावाच्या लग्नासाठी ती शाहूवाडीकडे माहेरी निघाली होती. मुली आधीच मामाकडे गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

“ब्रेक लागला न्हाय, सायेब,” तो एकसारखा सांगत होता. “पेडल कडक हुतं. पाय दाबत हुतो, दाबत हुतो, पण गाडी थांबंना.”

मी पंचनामा केला, प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवले आणि गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणली.

माणसे उचगावची. म्हाताऱ्या बापाने उभे आयुष्य बैलगाडीतून बाजारात गूळ वाहून नेला होता. मुलगा, म्हणजे गाडी चालवणारा, गुळाच्याच व्यापारात वर आला आणि त्याने दोन वर्षांपूर्वी ही जुनी मोटार घेतली. अपघाताच्या नऊ दिवस आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडे चारी चाकांचे ब्रेक नवे करून घेतले होते. मुलाने फिर्याद दिली ती त्या मिस्त्रीविरुद्धच.

संध्याकाळी दुसऱ्या एका गॅरेजचा मालक ठाण्यात आला आणि माझ्या कानाला लागला. “सायेब, त्यो मिस्त्री ट्रकचं उतरवल्यालं लायनर कापून मोटारींस्नी बसवतोय. आख्ख्या उद्यमनगराला ठावं हाय.”

खबर देणाऱ्याचा स्वतःचा धंदा काय आहे, हे आधी पाहायचे असते. नव्या शिपायाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवत असे. त्या दिवशी मीच विसरलो. डोळ्यांसमोरून ती बाई हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला उचलून आणले.

माझा आवाज त्या काळी असा होता की मी ठाण्यात ओरडलो की रंकाळा तळ्यावरचे बगळे उडत. मिस्त्री मात्र जागचा हलला नाही. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. नखांत काळे ग्रीस.

“किती जुने लायनर घातलेस रे?”

“जुनं न्हाय, सायेब. नवं कोरं. त्यांनीच निवडलं.”

“त्यांना काय कळतं त्यातलं?”

“म्हणून तर हातावर ठिवून दावलं की. लायनर म्हंजे आत चाकासंगट फिरणाऱ्या ड्रमला घासतोय त्यो पट्टा. म्या म्हटलं, ह्यो मऊ हाय, गप बसतोय, पर लौकर झिजतोय. ह्यो कडक हाय, उताराला चांगला, पर पैलं पंधरा दिस बोंबलणार. संगट बाई हुत्या. त्या म्हणाल्या, गाडीत पोरी बसत्यात, बोंबलू दे, भक्कम आसंल त्यो घाला.”

“आणि ड्रम?”

“जुनं दोनदा लेथवर तासून घेतल्यालं. तिसऱ्यांदा तासलं आस्तं तर पापड झालं आस्तं. मालक म्हणत हुतं, चालवून घ्या. म्या म्हटलं, मग गाडी दुसरीकडं न्या. तवा चारी नवं घेतलं.”

माझा हवालदार दाराशी उभा होता. “सायेब, गिऱ्हाइकाला दुसरीकडं धाडणारा गॅरेजवाला मी आजून बघितला न्हाय. ह्येला आधी आत घाला.”

सगळे हसले. मीही हसलो. मिस्त्रीला अटक दाखवली. हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो सुटला. पण तेवढ्या वेळात गॅरेजच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासून गेले होते.

दोन दिवसांनी मोटार वाहन निरीक्षक आले. मिस्त्रीसमक्ष चाके उघडली. ड्रम नवे, लायनर नवे, रिव्हेटसुद्धा चकचकीत. पण सगळे तेलाने न्हालेले, आणि तेलकट लायनर ड्रमला धरत नाहीत. निरीक्षकांनी लिहिले, ‘ब्रेक ऑइलची गळती.’ म्हणजे दोष मिस्त्रीचाच.

“सायेब,” मिस्त्री हळू म्हणाला, “चारी चाकं एकदम गळतील व्हय? आन ब्रेक ऑइलचा वरचा डबा बघा की. काठोकाठ भरल्याला हाय. मग गळलं कुठनं?”

मी वाकलो. माझ्या नाकाची तेव्हा ख्याती होती. कुठल्या गल्लीत तांबडा रस्सा शिजतोय आणि कुठल्या गल्लीत पांढरा, हे मी ठाण्यातल्या खुर्चीवरून सांगत असे. निदान मी तसे सांगत असे. पण तो वास ओळखायला नाकाची ख्याती लागत नव्हती. कडवट, उग्र, लहानपणी आमच्या गोठ्यात यायचा तोच. करंजेल, करंजाच्या बियांचे तेल.

मोटारीच्या ब्रेकमध्ये करंजेल कुणी घालते का? घातपात असावा असे वाटले. नवरा-बायकोचे पटत होते का, घरात भाऊबंदकी आहे का, हे विचारत मी उचगावात शेजाऱ्यांचे जबाब घेत फिरलो. सगळ्यांनी एकच सांगितले की अशी सून गल्लीत नव्हती. एका शेजारणीने मात्र जाता जाता भर घातली.

“नवं ब्रेक घातल्यापास्नं गाडी आली की आख्ख्या गल्लीला कळायचं बघा. अशी किंचाळायची! अपघाताच्या दिशी सकाळी मातर एकदम गप गेली ती. म्या म्हटलं बी, मिस्त्रीनं काढला वाटतं आवाज.”

मिस्त्रीने गाडीला पुन्हा हात लावला नव्हता. मग आवाज कुणी काढला?

मुलाचा पुरवणी जबाब घ्यायचे निमित्त करून मी त्यांच्या घरी गेलो. सुनेचा दहावा होऊन गेला होता. अंगणात जुनी बैलगाडी उभी होती, आणि तिच्या जुवाला टेकून म्हातारा बसला होता. गाडीखाली वंगणाचे बांबूचे नळकांडे टांगलेले होते.

“आबा, ह्यात काय आहे?”

“करंजेल. दुसरं काय आसणार, पावणं? बैलं इकली, तरी आखाला तेल घालतोय. हात ऱ्हात न्हाय.”

“मोटारीलाही घातलंत?”

म्हातारा चक्क हसला. सून गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असेल.

“घातलं की! सून म्हणाली, आबा, भावाच्या दारात ही गाडी अशी किंचाळत न्हेऊ व्हय? म्हायेरात हसं हुईल. म्या म्हटलं, थांब बाई. चाळीस वर्सं चाकं हाकल्यात म्या. आख कोरडा पडला की चाक रडतंय. मोटारीचं बी चाकच नव्हं? झाकण्या काढल्या, आत बारकं भोक दिसलं, चारी चाकांत धार सोडली. सकाळी गाडी मांजरावानी गेली बघा.” त्याने बैलगाडीच्या आखावरून हात फिरवला. “लई खूश झालती पोर. जाताना म्हणाली, आबा, तुमी मिस्त्रीपरास हुशार.”

 बगळे उडवणारा माझा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“सायेब,” म्हातारा पुढे सरकला, “त्या मिस्त्रीला सोडू नगा बघा.”

दारात मुलगा उभा होता. हात गळ्यात बांधलेला. त्याने सगळे ऐकले होते. त्याच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

मी निघालो तसा तो मागोमाग आला आणि रस्त्यावर त्याने चांगल्या हाताने माझे मनगट धरले. “आबास्नी सांगू नगा, सायेब. कळलं तर त्यो आडात उडी घील. बायकू गेली, आता बाप बी घालवू व्हय?”

“आणि मिस्त्री?”

त्याने माझे मनगट सोडले. खाली बघत म्हणाला, “त्येला सोडा. तेवढं तुमच्या हातात हाय.”

होते खरे. मी अहवाल लिहिला. ‘लायनरवर तेल कसे आले हे तपासात निष्पन्न होत नाही. आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा नाही.’ दोनच ओळी. आयुष्यभर मी घडले त्याहून जास्त सांगत आलो. त्या एका कागदावर घडले त्याहून कमी लिहिले, आणि माझ्या सगळ्या थापांत मोठी थाप तीच.

आठवड्याभरात मिस्त्री ठाण्यात आला. अंगावर धुतलेला सदरा.

“पुराव्याअभावी म्हंजे काय ओ, सायेब? म्हंजे केलंय, पर घावला न्हाय, आसंच नव्हं?”

“कागदाची भाषा तशीच असते, मिस्त्री.”

“मग निराळ्या भाषेत लिवून द्या की. ह्येची चूक न्हवती, एवढंच. पाटीखाली लावतो.”

“तसं देता येत नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिले. तपास अर्धा राहिलेला नाही, खरे काय ते मला ठाऊक आहे, हे त्याला माझ्या तोंडावरून कळले असावे. तो गेला. ज्याच्या लायनरने बाई मेली तो मिस्त्री, असे त्याचे नाव पडले होते. वर्षाच्या आत त्याने गॅरेज बंद केले आणि तो नेसरीकडे पाण्याची इंजिने दुरुस्त करायला गेला, असे कानावर आले. मी बदलीवर गेलो. बढती मिळाली.

निवृत्त होऊन कोल्हापुरात परतलो तेव्हा एक दिवस तो गूळवाला मुलगा माझे घर शोधत आला. डोक्याचे केस उतरवलेले होते.

“आबा गेलं, सायेब.”

मी त्याला बसवले.

“जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलवलं. म्हणालं, त्या मिस्त्रीला काय शिक्षा झाली का रं? म्या म्हटलं, न्हाय, सुटला. म्हणालं, बरं झालं. त्येनं काय केलं न्हवतं. तेल म्या घातलं हुतं.”

मी विचारले, “त्यांना कुणी सांगितलं?”

“कुणीच न्हाय. म्हणालं, फौजदार दारात येऊन करंजेलाची चौकशी करतोय आन मागं काय बोलत न्हाय, म्हंजे काय ते त्याच दिवशी कळलं. त्या दिवसापास्नं त्यांनी बैलगाडीच्या आखाला तेल घातलं न्हवतं, सायेब. माझ्या ध्यानातच आलं न्हाय.” त्याने उतरवलेल्या डोक्यावरून हात फिरवला. “म्हणालं, तू मला कळू देत न्हवतास, म्हणून म्या बी तुला कळू दिलं न्हाय.”

म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही दोघांनी तोंड शिवून घेतले, त्याला पहिल्या दिवसापासून सगळे माहीत होते. एका घरात बाप-लेक एकमेकांना जपत गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याखाली तिसराच माणूस चिरडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस.टी.ने नेसरीला गेलो. मिस्त्री एका शेडमध्ये इंजिन उघडून बसला होता. पार वाकला होता. मुलाने त्याच्यापुढे उभ्यानेच सगळे सांगितले, आणि सांगून झाल्यावर पायाला हात लावायला वाकला. मिस्त्रीने पाय मागे घेतले.

“माझ्या धाकटीची सोयरीक मोडली त्या पायी,” तो म्हणाला. रागाने नाही, हवापाण्याचे सांगावे तसे. मग माझ्याकडे वळला. “म्हाताऱ्यानं सोसलं आस्तं, सायेब. सोसलंच की त्यानं. म्या बी सोसलं. सोसवलं न्हाय ते तुमास्नी.”

त्याने आम्हाला चहाचे विचारले नाही. आमच्या भागात दारी आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात.

परतताना मुलगा खिडकीबाहेर बघत होता आणि मी माझ्या नोकरीचा हिशेब लावत होतो. चोरीचा माल सापडला की आम्ही तो मुद्देमाल म्हणून जमा करतो, आणि काम संपले की मालकाची सही घेऊन त्याचा त्याला परत देतो. एक भांडे गहाळ झाले तरी खात्याची चौकशी लागते. या प्रकरणात मला खरे काय ते सापडले होते. ते त्या मिस्त्रीच्या मालकीचे होते. मी ते दयेच्या नावाखाली माझ्याजवळ ठेवून घेतले, आणि परत करायला गेलो तेव्हा त्याला त्याचा काही उपयोग उरला नव्हता.