जो अडला त्याच्या बाजूनं

दिनांक: दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण: वनश्री ले-आउटमधली मोकळी जागा, मूल रोड, चंद्रपूर. हजर: बोरकर भाऊ आणि त्यांची सून, ब्युटी पार्लरवाली शोभा, भाजीची गाडी लावणारे नत्थू भाऊ, कमिटीची सचिव म्हणून मी, आणि सत्कारमूर्ती प्रॉम्प्टरभाऊ. टेम्पो सामानासह तयार. विषय एकच: निरोप.

प्रॉम्प्टरभाऊंना दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं वाक्य सहन होत नसे. कुणाला दम्याचा त्रास असतो तसा त्यांना हा होता. समोरचा माणूस बोलता बोलता अडला की भाऊंच्या टाचा उचलल्या जात, मान पुढे येई आणि ओठ न हलवता, सपाट आवाजात, ते पुढचे शब्द पुरवत. ऐकणाऱ्याला वाटे आपल्यालाच सुचलं.

त्यांची जवानी झाडीपट्टीच्या नाटकांत गेली होती. तिकडे दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं होतात. नट ऐनवेळी चार दिशांनी येतात, निम्म्यांना संवाद पाठ नसतात. पडद्याआड प्रॉम्प्टर असतो म्हणून राजा राजासारखा बोलतो. पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा भाऊंनी आमच्या ले-आउटच्या मोकळ्या जागेत टिनाचं शेड टाकून झेरॉक्स आणि किराणा सुरू केला. नाटक सुटलं, सवय सुटली नाही.

मी डबे पुरवते, त्यामुळे भाजीवाल्याशी घासाघीस रोजची. एकदा मी नत्थू भाऊंना म्हटलं, "वांगी एवढी महाग? मागच्या हप्त्यात तर..." आणि अडले. शेडमधून आवाज आला, "याच्या अर्ध्यात देली होती." मी तसं म्हटलं. नत्थू भाऊ गडबडले. लगेच शेडमधून त्यांच्यासाठी आलं, "बाई, मंडीतच भाव चढून राह्यले, मी काय करू?" तेही तसंच म्हणाले. आम्ही दोघंही भाऊंच्या तोंडचं बोलत होतो, आणि दोघंही खरोखर चिडलो होतो.

"तुम्ही कोणाच्या बाजूचे हो?" मी विचारलं.

"मी कोणाच्याच बाजूनं नाई बोलत, बाई. जो अडला त्याच्या बाजूनं."

शोभाचं नवऱ्याशी फोनवर भांडण चालायचं ते स्पीकर लावून, कारण हातात कुणाच्या तरी भुवईचा दोरा असायचा. पार्लर शेडला लागूनच. एकदा ती अडली, भाऊंनी पुरवलं. नवरा अडला, भाऊंनी त्यालाही पुरवलं. नवऱ्यानं विचारलं, "मागून कोण बोलून राह्यलं?" शोभा गप्प. शेडमधून आलं, "कोणी नाई, टीव्ही आहे." शोभा म्हणाली, "कोणी नाई, टीव्ही आहे." आणि भांडण पुढे चालू.

एका संध्याकाळी नत्थू भाऊंना पाण्याच्या टाकीमागे वाघ दिसला. ते धावत शेडपाशी आले आणि "वा... वा..." यापुढे त्यांना शब्द फुटेना. भाऊ मशीनमध्ये अडकलेला कागद काढत होते. मान वर न करता म्हणाले, "वाघ आला, पळा." नत्थू भाऊ मोठ्यानं ओरडले, "वाघ आला, पळा!" मग दोघं पळाले. भाऊ मागून, कारण आधी त्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं.

बोरकर भाऊंचा बंगला शेडच्या अगदी समोर. त्यांचा मुलगा अबोल, त्यामुळे लग्न जमत नव्हतं. शेवटी मुलगी बघायच्या दिवशी बोरकरांनी प्रॉम्प्टरभाऊंना पडद्यामागे बसवलं. भाऊंनी मुलाला शब्द पुरवून चालवलं. मग मुलगी अडली, तिला चालवलं. मग मुलीचा बाप देण्याघेण्याच्या गोष्टीवर अडला. त्याला पडद्यामागून आलं, "आम्ही काई देणार नाई, मुलगी शिकली आहे." बाप ते ठणकावून बोलला. बोरकरांचा चेहरा पडला, पण लग्न जमलं. सून नोकरीवाली, तिनं गाडी घेतली. आणि ती गाडी शेडमुळे बंगल्याच्या फाटकात वळेना.

बोरकरांनी महापालिकेत अर्ज दिला: मोकळ्या जागेतलं शेड हटवा. भाऊंचं दुकान म्हणजे त्यांचं पोट होतं आणि घरही, मागच्या बाजूला खाट टाकून ते तिथेच राहत. मी कामाला लागले. ऑफिसातले साहेब पाहणीला येणार त्या दिवसासाठी बोलणाऱ्यांचा क्रम लावला, तालीम घेतली, आणि भाऊंना बजावलं, "आज फक्त आमाले सांगा. बोरकरले एक शब्द नाई."

"बराबर आहे," भाऊ म्हणाले.

साहेब आले. शोभा छान बोलली, नत्थू भाऊ त्याहून छान. दोघांनाही शेडमधून वेळेवर पुरवठा झाला. साहेब मान हलवू लागले. मग बोरकर उभे राहिले. "साहेब, माझी कोणाशी दुश्मनी नाई, पण हे दुकान..."

आणि अडले. सगळं ले-आउट त्यांच्याकडे बघत होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, फाईल मिटली, उठायला खुर्ची मागे सरकवली. एवढा क्षण गेला असता तर आम्ही जिंकलो असतो. मी शेडकडे पाहिलं. प्रॉम्प्टरभाऊंनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. टाचा मात्र उचलल्या गेल्या होत्या.

"...फाटकासमोर येते," शेडमधून आवाज आला. "माह्या सुनेची गाडी वळत नाई. ते हटवलंच पाह्यजे."

बोरकर ते इतक्या कळवळून बोलले की शोभाच्याही डोळ्यांत पाणी आलं. साहेब परत बसले. फाईल उघडली. "तर एकंदर पाहता माझं मत असं, की..." म्हणाले आणि शब्द शोधू लागले.

मी हात जोडले. उपयोग झाला नाही.

"दिवाळी झाली की जागा मोकळी करावी," शेडमधून आलं. साहेबांनी तेच लिहिलं.

नंतर मी भाऊंवर भडकले. "बोरकरचं जाऊ द्या. साहेबाले काऊन सांगतलं?"

"त्याचं तर शेवटचं वाक्य होतं, बाई," भाऊ म्हणाले. "शेवटच्या वाक्यावर माणसाले सोडून कसं जमंल?" थोड्या वेळानं ते उठून खाटेचे दोर सैल करू लागले.

तर, निरोप. चामोर्शीकडे त्यांची बहीण राहते, तिच्याकडे जायचं ठरलं. शाल, श्रीफळ आणि शोभानं बांधून दिलेले अनारसे. पहिलं भाषण बोरकरांनी मागून घेतलं. ते उभे राहिले, शालीची घडी उलगडली आणि म्हणाले, "प्रॉम्प्टरभाऊ, तुम्ही गेल्यावर आम्ही..."

आणि अडले.

आम्ही सगळ्यांनी सवयीनं भाऊंकडे पाहिलं. भाऊंच्या टाचा उचलल्या गेल्या. मान पुढे आली. ओठ उघडले. मग त्यांनी खाली पाहिलं आणि गप्प राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी सोडलेलं ते पहिलं वाक्य. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. बोरकरांनी उलगडलेली शाल तशीच भाऊंच्या खांद्यावर टाकली आणि टेम्पो गेला.

आता सुनेची गाडी सरळ फाटकात जाते. नत्थू भाऊ सांगितला भाव मुकाट्यानं कमी करतात. शोभानं पार्लरमध्ये खरंच टीव्ही आणला, पण तो वेळेवर बोलत नाही.

बोरकरांनी मागच्या महिन्यात भाऊंना फोन लावला. मी शेजारीच होते. "भाऊ, त्या दिवशीचं पुढचं काय होतं? सांगून टाका, म्हणून मोकळा होतो."

पलीकडे पेटी वाजत होती, माणसांचा गलका होता. भाऊ गुडघ्यांना तेल चोळून पुन्हा पडद्याआड बसायला लागले होते. म्हणाले, "आता नाटक उभं आहे, बोरकर भाऊ. विचार करून सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. त्या निरोपसभेचं इतिवृत्त मी स्वच्छ लिहून ठेवलंय. सगळ्या सह्या झाल्या, फक्त बोरकर सही करत नाहीत. म्हणतात, आधी वाक्य भरा. "तुम्ही गेल्यावर आम्ही" यापुढे मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. येत्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.