साहेबाच्या बंगल्यातलं जेवण

२०२२ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. घरवाली जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाला मुलगा आणि सून पुण्याहून आले. जायच्या आदल्या दिवशी दोघांनी मला अमळनेरकडच्या आमच्या खेड्यातून गाडीत घातलं आणि धुळ्याला जेवायला नेलं. माझ्या मनात एकच. आज हा मला पुण्याला चला म्हणेल. म्हटला की जायचं, हे मी ठरवून टाकलेलं. रिकाम्या घरात एकट्यानं भाकरी गिळवत नव्हती. पण आपण होऊन विषय काढायचा नाही. चौथीच शिकलो, तरी कोणाच्या दारात मागायला गेलो नाही कधी.

हॉटेल म्हणजे इंग्रजाच्या वेळचा बंगला. तरणा असताना कापसाची बैलगाडी घेऊन या फाटकावरून जायचो, तेव्हा आत वटवाघळं राहायची. आता खांब पांढरेशुभ्र, छताचं सागवान चकचकीत. आमच्या टेबलाच्या वर भिंतीवर फोटो होता, मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा एक गोरा साहेब.

परातीएवढी बशी आली. मधोमध मूठभर काहीतरी, वर कोथिंबिरीची काडी.

"हाई काय शे?"

"भरीत आहे, आबा," सून म्हणाली.

"मंग बाकीचं त्या वाघानं खाल्लं वाटतं."

दोघं खूप हसले. मलाही बरं वाटलं. किती दिवसांनी कोणी माझ्या बोलण्यावर हसलं.

वाढप्या आला. "अजून आणू, बाबा?"

"नको, नको. झालं."

त्यानं बशी उचलून नेलीसुद्धा! पोट अर्धंही भरलं नव्हतं. आमच्याकडे पाहुणा आधी नकोच म्हणतो, हात आडवा धरतो, आणि वाढणारा त्या हातावरून वाढतो. लगेच हो म्हणणारा हावरा.

मग मुलानं पाण्याचा ग्लास बाजूला सारला. "आबा, पुण्याला येता का आमच्याकडे? कायमचे?"

"नको रे," मी म्हटलं. "तिथं काय करू मी?"

निघून गेलं तोंडातून. आता तो म्हणेल, असं कसं, काही ऐकणार नाही मी. मी बसून राहिलो.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो सुनेला म्हणाला. "आबा गाव सोडायचे नाहीत." मोठ्या कौतुकानं म्हणाला. आणि बिल मागवलं.

त्याची आई असती तर म्हणाली असती, अरे, ते नको म्हणतात, तू नको ऐकू. घरी येईपर्यंत दोघं गाडीत रस्त्याचं बोलत होते. मी खिडकीतून बघत होतो. तेव्हाही एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. सून पाया पडली. मुलगा म्हणाला, "आबा, जपा. फोन उचलत जा." गाडी पाराला वळसा घालून गेली. मी घरात आलो, ते धोतर सोडून घडी घालून ठेवलं, रोजचे कपडे घातले. कापूस वेचायला बाया येणार होत्या, म्हणून शेताकडे निघालो.